बेसमेंटमधली वाटी

ठकीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत, हे घरात सगळ्यांत आधी मला दिसलं. साल दोन हजार आठ, ऑगस्टमधला लाँग वीकएंड संपून उजाडलेला मंगळवार. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. ठकी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून जांभई देत होती आणि तिच्या तोंडात जिथे गुलाबी दिसायला हवं, तिथे भिजवलेल्या पोह्यांचा रंग होता. मी पर्स खाली ठेवून तिला उचललं. दहा वर्षांत या मांजरीने मला तीन सेकंदांच्या वर कडेवर घेऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या हातात ओल्या टॉवेलसारखी पडून राहिली. मला भीती वाटली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मार्कहॅममधल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते आणि घरी तेच काम फुकट करते, असं माझा नवरा देवदत्त म्हणतो. म्हणतो म्हणजे मी खोलीत नसताना म्हणतो. माझ्या नाकावर राग असतो हे मला ठाऊक आहे. ते मी कधी लपवलंही नाही. उलट या घरात जी काही शिस्त आहे ती त्या रागामुळेच आहे, असं मी त्या उन्हाळ्यापर्यंत मानत होते.

ऑफिसला फोन करून रजा टाकली. मुलगी चैत्राली सोळा वर्षांची, सुट्टी असल्यामुळे झोपलेली. तिला उठवलं. तिने ठकीचा ओठ वर करून पाहिलं आणि काही न बोलता गाडीच्या किल्ल्या आणायला पळाली. रिचमंड हिलच्या प्राण्यांच्या शेल्टरमधून ठकी आणली तेव्हा चैत्राली सहा वर्षांची होती आणि तिला इथल्या शाळेत एकही मैत्रीण नव्हती. त्यामुळे ठकी ही आमच्या घरातली नुसती मांजर नव्हती.

इथे चातुर्मासाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

पुण्यात असताना मी चातुर्मास कधी पाळला नाही. कांदेनवमी तेवढी माहीत होती, म्हणजे भजी माहीत होती. इथे परदेशात आल्यावर तिसऱ्या वर्षी मी एकदम कडक झाले. का, ते नीट सांगता येत नाही. इथे एक दिवस दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटतच नाही, म्हणून असेल. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, मांसमच्छी तर नाहीच. त्याआधीच्या शनिवारी मी वीस-बावीस माणसं जेवायला बोलवायची आणि घरातला शेवटचा कांदा तळून संपवायची. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत चित्राकडची कांदेनवमी प्रसिद्ध होती. रविवारी मी पॅन्ट्री पुसून काढायची. मसाल्यांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून ज्यांत लसणाची पूड असेल त्या शेजारच्या इटालियन बाईंना देऊन टाकायची.

मांजरीच्या खाण्याला माशाचा वास येतो. तिला उपास घडवण्याइतकी मी खुळी नाही. पण स्वयंपाकघरात तो डबा उघडायचा नाही, असं मी ठरवलं. म्हणून त्या चार महिन्यांत ठकीची वाटी बेसमेंटमध्ये जायची. देवदत्तचं टेबल, जुना सोफा आणि टीव्ही तिथेच. ठकीला रात्रीचं जेवण देणं हे चातुर्मासात त्याचं काम. सकाळचे कोरडे दाणे वर मी देत असे, कारण त्यांना फारसा वास येत नाही.

आदल्या वर्षी श्रावणात मला गॅरेजमध्ये पिझ्झाचं खोकं सापडलं होतं. पेपरोनीचे, म्हणजे मांसाच्या चकत्यांचे, तीन तुकडे शिल्लक होते. मी ते ड्राइव्हवेवर भिरकावले. समोरच्या घरातली मुलं बघत होती. नंतर नऊ दिवस मी देवदत्तशी बोलले नाही आणि चैत्रालीशी बोलले ते फक्त जेवायला वाढण्यापुरतं. त्यानंतर घरात पुन्हा कधी खोकं सापडलं नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

क्लिनिक प्लाझात होतं, एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान. डॉक्टर पेन पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, हात मोठे आणि सावकाश चालणारे. त्यांनी ठकीचे कान उलटे करून उजेडात धरले. कानांच्या आतली कातडी पिवळसर दिसत होती. मग पोट चाचपलं. एका जागी त्यांची बोटं थांबली, पुढे गेली आणि परत त्याच जागी आली. ते मला अजिबात आवडलं नाही.

रक्त काढून त्या आत गेल्या. पंधरा मिनिटांनी आल्या तेव्हा खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसले की बातमी वाईट असते, हे माणसांच्या दवाखान्यात शिकलेलं तिथेही लागू पडलं. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण तिसाच्या वर हवं, ते चौदा होतं. प्लीहा सुजलेली. पेशी तयार होत नसाव्यात किंवा तयार झालेल्या फुटत असाव्यात, आणि त्यांना दुसरीच शक्यता जास्त वाटत होती.

"पेशींवर बारीक गाठींसारखे ठिपके दिसताहेत," त्या म्हणाल्या. त्या बोलत होत्या अर्थातच इंग्रजीत. "काहीतरी विषारी खाल्लं की असं होतं. तिच्या पोटात कधी कांदा, लसूण गेलाय? किंवा टायलेनॉलची गोळी?"

या प्रश्नाचं उत्तर मला आवडलं. खरंच आवडलं. सकाळपासून पहिल्यांदा मला काहीतरी ठामपणे सांगता येत होतं.

"डॉक्टर, आमच्या घरात कांदा-लसूण नसतोच," मी म्हटलं. "हे आमचे धार्मिक चार महिने आहेत. मी घरात येऊच देत नाही. मसाल्यातसुद्धा नाही."

"आई," चैत्राली म्हणाली.

"मी बोलतेय ना डॉक्टरांशी?"

"आय नो, बट..."

"चैत्राली. मध्ये बोलू नकोस."

मी पर्समधून कागद काढला. ठकीचं वजन, सकाळचं खाणं, औषधं, लसी, सगळ्याची मी एक्सेल शीट ठेवत असे. खाण्याच्या रकान्यात ब्रँडचं नाव आणि ग्रॅम. डॉक्टर पेननी ती शीट बघून भुवया उंचावल्या. इतकी व्यवस्थित मालकीण मी क्वचित पाहिली आहे, असं म्हणाल्या. मग त्यांनी फॉर्मवर कांद्यासमोर फुली मारली.

"खरं सांगू? कांदा असता तर मला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "तो थांबवला की पुष्कळदा सुधारणा होते. तो नसेल, तर या वयात, या प्लीहेसह, मला लिम्फोमाची भीती वाटते. रक्ताचा कॅन्सर."

त्यांनी मला नियम विचारला नव्हता. काय घडलं ते विचारलं होतं. मी नियम सांगितला. ऑफिसात एखाद्या डेव्हलपरने मला असं उत्तर दिलं असतं, की ती एरर येऊच शकत नाही कारण आम्ही ती बंद केली आहे, तर मी त्याला सोलून काढलं असतं.

स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. गाडीत चैत्राली मागच्या सीटवर पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. मी आरशात पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती आणि माझी नजर गेल्याबरोबर तिने मान खिडकीकडे वळवली. बिचारी घाबरलीय, असं मला वाटलं. ते खरंही होतं.

बुधवारी ठकीने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. कोरडे दाणे नाहीत, डॉक्टरांनी दिलेलं मऊ खाणं नाही, ट्यूनाचं पाणी नाही. होय, ट्यूनाचा डबा मी स्वतः स्वयंपाकघरात उघडला. माझा चातुर्मास तिथेच मोडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तिने वास घेतला, तोंड फिरवलं आणि पायरी-पायरीने बेसमेंटमध्ये उतरून गेली. प्रत्येक पायरीवर थांबत होती. मी वरून बघत राहिले.

संध्याकाळी देवदत्त वर येऊन म्हणाला, "थोडं खाल्लं तिने."

"काय खाल्लं?"

"तिचंच. डब्यातलं."

"माझ्याकडून का खात नाही मग?"

"तू सारखी अंगावर जातेस ना तिच्या. जरा घाबरते."

मी शीटमध्ये लिहिलं: रात्री, डब्यातलं, अंदाजे चाळीस ग्रॅम. मला वाईट वाटलं आणि राग आला, दोन्ही एकदम. आजारी जीव शेवटी कोणाकडे जातो यात माणसाची परीक्षा होते असं आपण मानतो, आणि त्या परीक्षेत मी नापास झाले होते.

गुरुवारी सकाळी बेसमेंटच्या गालिच्यावर ठकी ओकली. मी साफ करायला गेले. ओकारीत केशरी रंगाचं पाणी होतं. मी ते रक्त समजले. तिच्या मातीच्या ट्रेमध्ये लघवीचा गोळा कोऱ्या चहाच्या रंगाचा झालेला. मी तिथेच जिन्यावर बसले. वर फ्रीजची घरघर ऐकू येत होती. मांजर सोफ्याखाली, नुसते डोळे दिसत होते, आणि तिचा श्वास इतका जोरात चालला होता की पोटाची कातडी लपलपत होती.

त्याच दुपारी पुन्हा रक्त तपासलं. चौदाचे दहा झाले होते.

डॉक्टर पेननी तीन रस्ते सांगितले. एक, इथेच दुसऱ्या मांजराचं रक्त चढवून दीड तासावरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, हाडातला मगज काढून तपासायचा, कॅन्सर निघाला तर केमो. मगज काढायला भूल द्यावी लागेल, आणि आकडा दहावर असताना भूल देणं धोक्याचं. दोन, नुसत्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि वाट पाहायची. तीन, तिला त्रासातून सोडवायचं.

"तुमची मांजर असती तर तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "कारण माहीत नाही आणि ती इतक्या वेगाने घसरतेय. मी कदाचित तिला फार लांबवलं नसतं."

घरी आल्यावर आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी बसलो. चैत्रालीचं म्हणणं, हॉस्पिटलात न्यायचं, आत्ताच्या आत्ता. देवदत्त नुसता टेबलावरचा मीठदाणीचा डाग नखाने खरवडत होता.

"तुझं काय म्हणणं?" मी त्याला विचारलं.

"तू ठरव."

"नेहमी मीच का ठरवायचं?"

त्याने वर पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं त्याच्या, हे मला आज स्पष्ट दिसतं. त्या दिवशी मला तो नुसता नेहमीचा मख्खपणा वाटला. "अरे, बोल की काहीतरी! भिंतीशी बोलतेय का मी?" असं मी ओरडले. तो पुन्हा डाग खरवडायला लागला. चैत्राली त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, टेल हर," ती म्हणाली.

"काय सांगायचंय?"

"काही नाही," देवदत्त म्हणाला. "ती म्हणतेय, हॉस्पिटलात नेऊ या म्हणून सांग."

मी ठरवलं. दहा वर्षांच्या मांजरीला सुया टोचून, मगज काढून, चार परक्या माणसांच्या हातात मरू द्यायचं नाही. शुक्रवारी दुपारी तीनची वेळ घेतली. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, याची मला अजून लाज वाटते. निर्णय झाला की मला बरं वाटतं, मग तो कुठलाही असो.

शुक्रवारी देवदत्त लवकर घरी आला. ऊन कडक होतं, प्लाझाच्या पार्किंगमधलं डांबर चिकट झालेलं. चैत्रालीने ठकीला आपल्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. आम्हाला मागच्या एका छोट्या खोलीत नेलं. तिथे तपासणीचं स्टीलचं टेबल नव्हतं, सोफा होता, दिवा होता, टिशूचं खोकं होतं. त्या सोफ्यावर बसताना मला कळलं की आपण खरंच हे करायला आलो आहोत.

डॉक्टर पेन हळू आवाजात सगळं सांगत होत्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. दुखणार नाही. ट्रेमध्ये दोन सिरिंज होत्या, एकीत गुलाबी औषध.

"तिच्या आवडीचं काही आणलं असेल तर आता द्या," त्या म्हणाल्या. "शेवटी आम्ही काही पथ्य ठेवत नाही."

ही त्यांची पद्धत आम्हाला आदल्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितली होती. कोणी चीज आणतं, कोणी आइस्क्रीम. मी ट्यूना आणला होता. मी डबा उघडून ठकीच्या नाकाशी धरला. तिने पापणीही हलवली नाही.

चैत्रालीने पिशवीतून एक छोटा प्लॅस्टिकचा डबा काढला. देवदत्त पटकन म्हणाला, "चैतू, नको." तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. झाकण उघडलं.

खोलीत बटर चिकनचा वास पसरला. टोमॅटो, लोणी, आणि त्याच्या खाली भरपूर परतलेला कांदा. सव्वीस वर्षं स्वयंपाक करतेय मी. ग्रेव्हीत कांदा किती आणि किती वेळ परतलाय हे मला चव न घेता सांगता येतं. केशरी रस होता. गुरुवारी गालिच्यावर पाहिला होता तोच केशरी.

ठकीने डोळे उघडले. मान उचलली. आणि चैत्रालीच्या बोटावरची ग्रेव्ही ती चाटायला लागली, सावकाश, सवयीने.

देवदत्त जमिनीकडे बघत होता. चैत्राली रडत रडत बोट पुढे करत होती. डॉक्टर पेनना तो वास म्हणजे नुसतं इंडियन जेवण, त्यांना त्यातलं काय कळणार? "खातेय की," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी पहिली सिरिंज उचलली.

मला कळलं होतं. एका क्षणात सगळं कळलं होतं: बेसमेंट, संध्याकाळचं ते 'थोडं खाल्लं', आरशातली नजर. हेही कळलं की मी गप्प बसले तर कोणालाच काही बोलावं लागणार नाही. दोन मिनिटांत संपेल. आम्ही कॅन्सर झालेल्या मांजरीचे मालक म्हणून घरी जाऊ, लोक फोन करतील, आणि हा डबा कोणी पुन्हा काढणार नाही. मी गप्प बसायचा विचार केला. किती वेळ ते माहीत नाही, पण केला.

"थांबा," मी म्हटलं. "यात कांदा आहे."

डॉक्टर पेनचा हात तसाच राहिला.

"पुष्कळ कांदा आहे. वाटलेला. लसूणही असेल."

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आधी डबा काढून घेतला आणि झाकण लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"हे ती केव्हापासून खातेय?" त्यांनी विचारलं.

मी देवदत्तकडे पाहिलं. डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली, फॉर्म नव्याने समोर घेतला आणि तोच प्रश्न त्याला विचारला. त्याने तोंड उघडलं, आणि उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. चैत्रालीनेही माझ्याकडेच पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. सोळा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा माणूस, आणि दोघं माझ्या परवानगीची वाट बघत होते.

मी उठले आणि खोलीच्या बाहेर गेले. दार लावून घेतलं.

बाहेर डोनटच्या दुकानासमोर बाकडं होतं, त्यावर बसले. क्लिनिकच्या काचेतून कुत्र्यांच्या पट्ट्यांची जाहिरात दिसत होती. एक बाई मोठ्या कुत्र्याला गाडीत चढवत होती आणि तो चढत नव्हता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत किती सांगण्यासारखं होतं, याचा मला त्या वेळेवरून अंदाज येत होता.

वीसेक मिनिटांनी चैत्राली बाहेर आली आणि माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभी राहिली.

"दे आर गिव्हिंग हर ब्लड," ती म्हणाली. "क्लिनिकची एक कॅट आहे, डोनर. शी सेज इट्स लेट, पण चान्स आहे. ट्यूसडेला असता तर जास्त होता."

"केव्हापासून देत होतात?"

"एकादशीपासून. एव्हरी इव्हनिंग. बाबा ऑफिसमधून येताना आणायचा, वी एट इट डाउनस्टेअर्स. ठकीला ग्रेव्ही आवडायची." ती थांबली. "डॉक्टर अनियन म्हणाल्या ना, तेव्हा मी घरी येऊन बाबाला सांगितलं. मग तो पीसेस धुऊन द्यायला लागला. नळाखाली. ती दुसरं काही खातच नव्हती, आई. आम्हाला वाटलं, धुतलं की जातं."

धुतलं की जातं. चैत्राली लहान असताना मी तिला तिखट भाजीतले बटाटे असेच पाण्यातून काढून द्यायची. तो धुण्याचा शहाणपणा या घरात कोणाकडून आला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मंगळवारीच का नाही सांगितलंत मला?"

ती रडायची थांबली होती. तिने नाक पुसलं आणि मला विचारलं, "आर यू मॅड?"

माझी मांजर आत मरणाच्या दारात होती, आणि माझ्या मुलीला भीती वाटत होती माझी. मला तिला जवळ घ्यायचं होतं. मी हात पुढे केला तर ती किंचित मागे सरली, अगदी किंचित, आणि मग आली.

ठकीला त्या रात्री तिथेच ठेवलं. आम्ही घरी आलो, मी भात टाकला, कोणी फारसं जेवलं नाही. देवदत्तने बेसमेंटमधून ठकीची वाटी वर आणली, घासली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, तिच्या जुन्या जागी ठेवली. मी काही बोलले नाही. काय बोलावं ते मला खरंच सुचत नव्हतं, पण त्याने त्या न बोलण्याचाही अर्थ लावला असणार. नऊ दिवसांची सवय होती त्याला.

शनिवारी सकाळी पहिला फोन आला. रक्त चढलं, आकडा सतरावर आला. दुसरा दुपारी बाराच्या सुमाराला. मी कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून देवदत्तने घेतला. तो फोन कानाला लावून खिडकीशी गेला. "येस," म्हणाला. "येस. आय अंडरस्टँड." त्याची पाठ माझ्याकडे होती. चैत्राली जिन्यात येऊन उभी राहिली.

त्याने फोन ठेवला आणि वळला. आणि पुन्हा आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"जे असेल ते सांग," मी म्हटलं. "मी रागावणार नाही."

"गेली," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली. श्वास लागला होता."

चैत्राली तिथेच पायरीवर बसली. मी हात तसेच धरून उभी होते, बोटांना कणीक चिकटलेली. मला कोणावरही राग आला नव्हता, शपथेवर सांगते.

"डॉक्टर म्हणत होत्या की..." देवदत्तने सुरुवात केली. मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही," तो म्हणाला.